साक्षीची रेघ

आमच्या बाथरूममधल्या नळावर एक रेघ आहे. अर्धी नळाच्या मानेवर, अर्धी भिंतीतल्या कड्यावर. दोन्ही अर्ध्या समोरासमोर आल्या की नळ नीट बसला असं समजायचं. फ्लॅट भाड्याचा आहे. घरमालकीणबाई दर वर्षी तपासणीला येतात, रेघेवर बोट ठेवतात आणि मी दर वर्षी सांगतो, की ही एका चीफ इंजिनिअरने ओढली आहे. त्यांना त्याचं काही कौतुक वाटत नाही. मलाही तेव्हा वाटलं नव्हतं.

चीफ म्हणजे दत्ताराम केळुसकर. मूळचे वेंगुर्ल्याचे. सगळं आयुष्य बोटींच्या इंजिनरूममध्ये काढून ते परदेशात, इथे सेम्बावांगला, आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये चौथ्या मजल्यावर, शालिनीवहिनींबरोबर राहत. बुटके, रुंद, कानावर पेन्सिल आणि शर्टाच्या खिशात वेल्डर वापरतात तसला चपटा पांढरा खडू. बोट सोडून वर्षं झाली तरी त्यांना सगळे चीफच म्हणत. वहिनीसुद्धा रागावल्या की म्हणत, "जेवायला चला चीफ, इंजिन थंड होतंय."

नळाची गोष्ट अशी. माझ्या बायकोचं, माधुरीचं, संध्याकाळी हळदीकुंकू होतं आणि नळ ठिबकत होता. मी चीफना सहज बोललो, ही माझी चूक. ते सकाळी दहाला आले. मला वाटलं, पंधरा मिनिटांचं काम. त्यांनी पाणी बंद केलं, स्टूल मागितलं, नळासमोर बसले आणि वीस मिनिटं नुसते बघत राहिले. मग खिशातून टोच्या काढून ती रेघ कोरली. खडू का नाही, तर पाण्याने जातो म्हणून. मी म्हटलं, चीफ, नवीन वायसर टाकायचा आहे फक्त. ते म्हणाले, साक्ष ठेवल्याशिवाय काहीही उघडायचं नाही.

साक्ष म्हणजे ही रेघ. दोन जोडलेले भाग सुटे करण्याआधी सांध्यावरून एक आडवी रेघ मारायची. पुन्हा जोडताना रेघ जुळली तर काम झालं. नाही जुळली तर कुठेतरी खोटं आहे. त्यासोबत एक गोष्ट ठरलेली असायची. ते ज्युनिअर असताना त्यांनी रेघ न मारता एक कपलिंग उघडलं, बसवताना एक भोक चुकलं आणि अख्खी बोट सात दिवस थरथरत गेली. ही गोष्ट मी निदान तीस वेळा ऐकली असेल. समुद्र दर वेळी बदलायचा, कधी अरबी, कधी दक्षिण चिनी. भोक मात्र एकच चुकायचं.

नळ दुपारी अडीचला सुरू झाला. तोवर त्यांनी आमच्या मिक्सरच्या भांड्यावर, कुकरच्या झाकणावर आणि माझ्या मुलाच्या टेबलाच्या चारही पायांवर रेघा मारून ठेवल्या होत्या. मुलगा शाळेतून आला, टेबल पाहिलं आणि इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाला, "बाबा, अंकल व्हाय लाइक दॅट? एव्हरीथिंग ऑल्सो ड्रॉ लाह."

मी हे सगळं चिडून लिहितो आहे असं वाटेल. चिडूनच लिहितो आहे. त्यांच्याबद्दल शांतपणे विचार करायला मला आजवर जमलेलं नाही, आणि त्याचं कारण ते नाहीत. तिकडे येतोच.

चव्वेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी मला रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या आणि मन एकाग्र होईल असा छंद लावून घ्या म्हणाले. वन-नॉर्थमधल्या आमच्या ऑफिसातला एक जण नेमबाजीच्या क्लबात जायचा. मीही गेलो. पाहतो तर तिथल्या शस्त्रागाराच्या जाळीमागे, चष्मा कपाळावर, चीफ. क्लबाच्या रायफलींची देखभाल ते हौसेने करत. झिजलेली नळी काढायची, नवी बसवायची, हे त्यांचं खास काम. शनिवारी दुपारी ते त्या जाळीमागे असत, आणि वहिनी म्हणत त्याप्रमाणे, उरलेले सहा दिवस ते शनिवारची वाट बघत.

इथे बंदूक घरी नेता येत नाही. ती क्लबात राहते, कुलपात राहते, गोळ्या मोजून मिळतात, मोजून परत जातात. चीफ या नियमांच्या बाबतीत नियमांपेक्षा कडक होते. निघताना स्वतःचे खिसे उलटे करून पहारेकऱ्याला दाखवत. त्याने कधी मागितलं नव्हतं. तो बिचारा मान फिरवायचा, तर हे त्याला हाक मारून दाखवत.

पण नळी बसवण्याचा हात हा रोजच्या सरावाने राहतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून घरी, स्वयंपाकघरामागच्या कपडे वाळवण्याच्या जागेत, त्यांनी एक बाक केलं होतं. त्यावर लाकडी ठोकळ्यांचा शिकंजा. शिपयार्डातल्या जुन्या मित्राकडून हातभर लांबीचा एक भरीव पोलादी दांडा आट्यांसकट कातून आणला होता, तो नळीच्या जागी. आरपार भोक नसलेला, त्यातून वाटाणासुद्धा गेला नसता. आणि नळी ज्या भागात फिरवून बसवतात त्या जागी आटे पाडलेला एक पितळी ठोकळा. या भागाला चीफ 'घर' म्हणत. बेअरिंगचं घर, पिनचं घर, तसं नळीचं घर. "नळी घरात बसली पाहिजे" हे त्यांचं वाक्य मला अजून कधीकधी एमआरटीच्या गाडीत आठवतं.

मला ते शिकायचं नव्हतं. मला फक्त शनिवारी चार गोळ्या मारून यायचं होतं. पण त्यांच्याशिवाय क्लबात मी एकटाच मराठी. माझी सुटका नव्हती. सकाळी नऊला त्यांच्या घरी बाकावर सराव, मग खालच्या कॉफीशॉपमध्ये बिनसाखरेची कोपी, मग क्लब. पहिले दोन शनिवार मी फक्त आटे पुसले. जुन्या टूथब्रशने. तिसऱ्या शनिवारी ठोकळ्यांना राळ लावली, दांडा सरकू नये म्हणून. चौथ्या शनिवारी मला पाना हातात मिळाला आणि मी जोर लावला. रेघ पुढे गेली.

"किती लावलास?"

"घट्ट व्हायला पाहिजे ना, चीफ?"

"मेल्या, घट्ट कोणीही करील. ती रेघेवर थांबली पाहिजे."

पुसा, पुन्हा रेघ, पुन्हा पाना. रेघ पुन्हा पुढे. दर शनिवारी ते जुनी रेघ ओल्या फडक्याने पुसून नवी मारत आणि दर शनिवारी मी ती दोन दोऱ्यांनी, म्हणजे पाव इंचभर, पुढे नेई. माझा हात तसाच होता. वहिनी चहा ठेवताना म्हणायच्या, "भावोजी, तुम्ही यांना नाही कसं म्हणत नाही हो? मला तर संधीच मिळाली नाही." मी हसायचो. मला नाही म्हणता येत नाही, हे मला माहीत होतं. त्याऐवजी मी मनात साठवतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्या शनिवारी क्लबाची स्पर्धा होती. माझं नाव पहिल्यांदाच यादीत होतं. सकाळी सराव झाला, रेघ नेहमीसारखी पुढे गेली आणि मी सहज मोबाइलवर त्या बाकाचा फोटो काढला. शिकंजा, दांडा, पितळी घर, वरची ती चुकलेली पांढरी रेघ. पार्श्वभूमीला वहिनींच्या वाळत घातलेल्या साड्या. दुपारी क्लबात गेलो तर माझ्या वाट्याची रायफल जाळीमागे सुटी पडलेली. आदल्या आठवड्यात तिला नवी नळी बसवली होती, चीफना साक्ष केसभर हललेली दिसली होती आणि त्यांनी ती पुन्हा उघडली होती. मी म्हटलं, केसभराने काय होतं, माझा नंबर आला आहे. ते मान वर न करता म्हणाले, होऊ दे. दुसरी रायफल द्या म्हटलं तर म्हणाले, तुझ्या खांद्याच्या मापाची हीच. माझा नंबर पुकारला गेला, पुन्हा पुकारला गेला, मग खोडला गेला. ऑफिसातला तो माणूस पलीकडून माझ्याकडे बघत होता. तीन तासांनी चीफनी रायफल माझ्या हातात दिली आणि समाधानाने म्हणाले, "आता बसली बघ घरात."

परतताना एमआरटीत बसून मी आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर तो सकाळचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "तीन तास! अखेर चीफनी माझी नळी घरात बसवली."

आता खरं ते सांगतो. हे वाक्य मला सहज सुचलं नाही. मी आधी 'क्लबात' लिहिलं होतं. ते खोडलं. 'घरात'चे दोन्ही अर्थ मला दिसत होते आणि फोटोतल्या साड्यांमुळे दुसरा अर्थ जास्त दिसत होता, म्हणूनच ते मजेशीर होतं. लोक हसले. कोणीतरी लिहिलं, चीफ, माझीपण एक बसवा. चीफ ग्रुपवर नव्हते. तासाभराने मला बरं वाटेना आणि मी तो संदेश काढून टाकला. तोवर तो कुठून कुठे गेला, कोणी त्याचं इंग्रजी केलं, मला कळायला मार्ग नव्हता.

मंगळवारी सकाळी दहाला चीफकडे दोन पोलीस आले. तो प्रसंग मला नंतर वहिनींनी सांगितला, कपाळाला हात लावून. पोलीस सभ्य होते, बूट बाहेर काढून आत आले. त्यांच्याकडे फोटोची छापील प्रत होती आणि खाली इंग्रजीत वाक्य होतं, की याने माझ्या रायफलीची नळी हाउसमध्ये बसवून दिली. नाव कोणाचंच नव्हतं; चीफचा पत्ता मात्र कोणीतरी कळवला होता. त्यांनी चीफना विचारलं, हे खरं आहे का?

चीफ चष्मा लावून वाचून म्हणाले, "येस. ऑफकोर्स. बॅरल इज ऑल्वेज फिटेड इन द हाउस."

"ऑल्वेज?"

"एव्हरी टाइम. आउटसाइड द हाउस इट इज व्हेरी डेंजरस."

वहिनी मागून खुणा करत होत्या, पण चीफना खुणा कधी कळल्या नाहीत. तो अधिकारी लिहून घेत राहिला. मग त्यांनी बाक दाखवा म्हटलं, आणि चीफना इतक्या वर्षांत प्रथमच आपणहून विचारणारा श्रोता मिळाला. त्यांनी राळेपासून सुरुवात केली. पोलीस साडेदहाला दांड्याला भोक नाही हे पाहून जायला तयार झाले असते, असं वहिनींचं मत. पण चीफ त्यांना साक्ष समजावून देत होते. कपलिंगची गोष्ट झाली. त्या खेपेला समुद्र तांबडा होता. एकाला पाना धरायला लावला. शेवटी धाकटा पोलीस काकुळतीने म्हणाला, "अंकल, फिनिश ऑर नॉट?" दीड वाजता ते दांडा, पितळी ठोकळा आणि चीफनी कबूल केलेली ती दोन वाक्यं घेऊन गेले.

मी हे ऐकून हसलो. वहिनींसमोर बसून, त्यांच्या हातची सोलकढी पीत, मी हसलो.

क्लबाने चीफना कळवलं, की चौकशी संपेपर्यंत शस्त्रागारात येऊ नका. दोन महिन्यांनी पोलिसांचं पत्र आलं, की पुढे काही करायचं नाही. पण क्लबाच्या कमिटीपुढे ती दोन वाक्यं होती. नळी नेहमी हाउसमध्ये बसवतो, असं सही करून सांगितलेला माणूस पुन्हा शस्त्रागारात कसा घ्यायचा? चीफनी समजावलं, की हाउस म्हणजे घर आणि घर म्हणजे घर नाही. त्यांचं समजावणं कसं असेल याची मला कल्पना आहे. कमिटीने सांगितलं, ही भाषा येणाऱ्या आणि तुमचं काम पाहिलेल्या एखाद्या सभासदाने लेखी द्यावं, की या शब्दाचा तुमच्या कामात असा अर्थ होतो. मग बघू.

चीफ माझ्याकडे आले. दारातच उभे राहिले. म्हणाले, "दोन ओळी लिहून दे. साक्ष म्हणून."

मी म्हटलं, "बघतो."

आपल्याकडे 'बघतो'चा अर्थ लहान मुलालाही कळतो. चीफना कळला नाही. पुढच्या शनिवारी सकाळी नऊला त्यांचा मेसेज, बघितलंस का? त्याच्या पुढच्या शनिवारी, बघितलंस का? मला चीड यायची. एवढं कसं कळत नाही या माणसाला, म्हणून मोबाइल उलटा करून ठेवायचो. माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथला नोकरीचा परवाना, त्या महिन्यांत नूतनीकरणाला होता. पत्र दिलं तर विचारतील, फोटो कोणी काढला? वाक्य कोणी लिहिलं? मग पास, नोकरी, मुलाची शाळा. हे सगळं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं, की ते खरं कारण वाटायला लागलं. खरं कारण एवढंच होतं, की चीफनी माझ्याकडे पाहून 'तू?' म्हणावं, हे मला नको होतं.

शनिवारचे मेसेज येत राहिले. मी क्लबात जाणं सोडलं. एकदा लिफ्टशी वहिनी भेटल्या, म्हणाल्या, हे दर शनिवारी नऊला तयार होऊन बसतात, खिसे उलटे करून बघतात आणि पुन्हा पेपर वाचतात. मी म्हटलं, काळजी घ्या. तोवर क्लबाने ते काम एका कंपनीकडे सोपवलं होतं.

मग एके दिवशी कळलं, की ते दोघं वेंगुर्ल्याला कायमचे जाणार. चीफचा मेसेज आला. या वेळी वाक्य वेगळं होतं. बाक सोडवायचं आहे, पाना धरायला ये.

गेलो. फ्लॅट रिकामा झाला होता. वहिनी खालच्या मजल्यावर निरोप घ्यायला गेल्या होत्या. चीफनी बाकाच्या प्रत्येक सांध्यावर आधीच रेघा मारल्या होत्या. बाक इथेच टाकून द्यायचं होतं, तरीही. मी पाना लावला. पहिला बोल्ट सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्याला मी म्हटलं, "चीफ, तो फोटो मी टाकला होता."

ते शिकंज्याचा ठोकळा धरून होते. म्हणाले, "पाना उलटा धरलायस."

"मी काय म्हणतोय ऐका. ते वाक्यही माझंच. मुद्दाम लिहिलं होतं. रागावलो होतो तुमच्यावर."

"पाना सुलटा कर आधी. बोल्टाची कड जाईल."

मी पाना सुलटा केला. बोल्ट सुटला. त्यांनी तो फडक्याने पुसला आणि म्हणाले, "पोलिसांनी फोटो दाखवला तेव्हाच कळलं. रेघ दोन दोरे पुढे होती. एवढी पुढे नेणारा हात तुझाच."

मी पाना खाली ठेवला. मग मी विचारलं, "माहीत होतं, तर साक्ष माझ्याकडेच कशाला मागितलीत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी आटे कुठल्या बाजूला फिरतात हे विचारलं आहे.

"तिथे दुसरं कोण होतं?"

एवढंच. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांच्या हिशोबी मी फोटो टाकणं ही एक गोष्ट होती आणि मी तिथे होतो ही दुसरी, आणि दुसरी गोष्ट पहिलीमुळे खोटी होत नव्हती.

पत्र मी तिथेच, त्यांच्या सामानाच्या खोक्यावर बसून लिहिलं. इंग्रजीत, दोन पानं. 'घर' म्हणजे काय, बाकावर काय होतं, फोटो कोणी काढला, वाक्य कोणी आणि कशासाठी लिहिलं. चीफनी चष्मा लावून वाचलं. फोटो आणि वाक्याच्या ओळींवरून त्यांची नजर न थांबता पुढे गेली. मग बोट एका जागी थांबलं.

"अ‍ॅल्युमिनिअम लिहिलंयस. पितळ होतं."

"खोडून वर लिहितो."

"साक्षीत खाडाखोड नको. पान नवीन घे."

खाली टॅक्सी येऊन उभी होती. वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "अहो, विमान आहे, बोट नाही." मी घाम पुसत अख्खं पान पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा वाचलं, पहिल्यापासून. मग पत्र पाकिटात घातलं, पाकीट चिकटवलं, कानावरची पेन्सिल काढली आणि झाकणावरून पाकिटावर एक आडवी रेघ मारली. माझ्या हातात देऊन म्हणाले, "क्लबात दे."

दिलं. पुढच्याच शनिवारी. सेक्रेटरीने वाचलं, कमिटीपुढे ठेवलं. माझं सभासदत्व एका वर्षासाठी थांबवलं. पासचं काहीही झालं नाही, कोणी विचारलंसुद्धा नाही. चीफच्या नावे क्लबाने वेंगुर्ल्याला एक पत्र पाठवलं, की तुमच्याबद्दलची नोंद दुरुस्त केली आहे. वहिनी फोनवर म्हणाल्या, पोचलं. चीफ काय म्हणाले, असं मी विचारलं. म्हणाल्या, काही नाही, त्यात नळीचं माप चुकलंय म्हणतात, उलट टपाली कळवणार आहेत.

पत्र लिहिलं त्या दिवशी मी त्यांना सोडायला खाली कार पार्कपर्यंत गेलो होतो. टॅक्सीच्या डिकीत तीन बॅगा चढवल्या. ड्रायव्हरने डिकी लावली. चीफनी ती उघडली. पुन्हा लावली, कान देऊन आवाज ऐकला, पुन्हा उघडली. वहिनी आत बसून समोर बघत होत्या. ड्रायव्हर खिडकीतून मान काढून म्हणाला, "अंकल, ओके ऑलरेडी लाह. लेट ऑलरेडी." चीफनी त्याच्याकडे न पाहता एक बोट वर केलं, थांब म्हणून. दुसऱ्या हाताने ते शर्टाच्या खिशात खडू शोधत होते.